कब्जेगहाण आणि नजरगहाण

'वसाहत' हा शब्द मराठीत फार निरुपद्रवी होऊन बसला आहे. शहराबाहेर फाट्यावर 'औद्योगिक वसाहत' अशी पाटी असते, कुठे शिक्षकांची वसाहत असते, कुठे पाटबंधारे खात्याची. वसणे, चार घरे बांधणे, राहू लागणे एवढाच त्याचा अर्थ आपल्या कानाला लागतो. म्हणून शाळेच्या पुस्तकात 'वसाहतवाद' आला की जहाजातून उतरून घरे बांधणारे गोरे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तसे झालेही. पण जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावाला हे चित्र कुठे लागू पडते? बोरी निजामाच्या मुलखातले. इथे कलेक्टर नव्हता, अव्वल तालुकदार होता. सरकारी भाषा आधी फारसी आणि 1884 नंतर उर्दू. विसाव्या शतकातल्या रुपयावर इंग्रज राजाचा मुखवटा नव्हता, चारमिनार होता. मग या भागावर इंग्रजांचे राज्य होते म्हणायचे की नव्हते? माझे म्हणणे असे की होते, आणि ते कसे आले हे समजून घ्यायला जहाजांपेक्षा सावकाराच्या वहीचा उपयोग जास्त होतो. सावकार कधी नांगर धरत नाही आणि शेतावर झोपडी बांधून राहतही नाही, पण सुगी कोणाच्या दारात उतरायची हे त्याच्या ओसरीवर ठरते.

पहिले कर्ज पैशाचे नव्हते, भीतीचे होते. 1795 साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले. चिडलेल्या निजामाने रेमों या फ्रेंच सेनानीच्या पलटणी वाढवल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पोटात गोळा आला. तीन वर्षांत डाव उलटला. 1798 च्या तहाने फ्रेंच पलटणी मोडल्या आणि त्यांच्या जागी कंपनीची तैनाती फौज आली. तिचा वर्षाचा खर्च सुमारे 24 लाख रुपये, आणि तो निजामाने द्यायचा. दोनच वर्षांनी, 1800 च्या नव्या तहात, रोख रकमेची कटकट नको म्हणून निजामाने म्हैसूरच्या टिपूकडून वाट्याला आलेले बल्लारी, कडप्पा हे प्रदेश कंपनीला कायमचे देऊन टाकले. याच तहात त्याने कंपनीला न विचारता परक्या सत्तांशी बोलणी करण्याचा हक्कही सोडला. फौज कोणासाठी, पगार कोणाचा आणि हुकूम कोणाचा, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे ज्या दिवशी झाली, त्या दिवशी हैदराबादचे स्वातंत्र्य संपले असे मी मानतो. पुढचे दीडशे वर्षांचे दरबार, तोफांच्या सलाम्या आणि किताब हे त्यावरचे जरीकाम.

परंतु खरी गंमत त्यानंतर सुरू होते. 1800 च्या तहात एक कलम होते: युद्ध झाले तर निजामाने 6,000 पायदळ आणि 9,000 घोडेस्वार मदतीला द्यायचे. युद्ध झाले तर. पेंढारी आणि मराठे यांच्याशी झालेली युद्धे 1818 मध्ये आटोपली तरी या अटीतून जन्मलेली फौज काही घरी गेली नाही. निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ती कायमची उभी राहिली आणि पुढे तिला 'हैदराबाद कंटिंजंट' हे नाव पडले. तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती, म्हणजे 1999 पर्यंत जो परभणी जिल्हाच होता त्या भागात. आणखी छावण्या औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम अशा. खर्च वर्षाला 40 लाखांच्या घरात. कागदोपत्री ही निजामाची फौज, पण तिच्या एका सुभेदाराचीही बदली निजामाच्या हातात नव्हती. कुंपणाने शेत खाल्ले असे आपण म्हणतो. इथे कुंपण शेत खात होते आणि खाण्याची मजुरीही लावत होते.

हा पगार वेळेवर भागवायला विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी पुढे सरसावली. ती फौजेचा पगार दरमहा उचलून द्यायची आणि बदल्यात वऱ्हाड व औरंगाबादकडचा महसूल स्वतःकडे लावून घ्यायची. व्याज शेकडा 24-25 च्या आसपास. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हा गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने सांभाळलेल्या मुलीचा नवरा. पेढीला विशेष परवानगी मिळाली ती याच हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत. 1820 मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि पेढी बुडाली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. इंग्रज सगळे एका माळेचे मणी नव्हते. पण पेढी बुडाल्याने फौज कमी झाली नाही. कर्ज फक्त एका इंग्रज खिशातून दुसऱ्या इंग्रज खिशात गेले, आणि आता सावकार खुद्द ईस्ट इंडिया कंपनी झाली. 21 मे 1853 रोजी गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या दडपणाखाली नवा तह झाला. थकबाकी 50 लाखांच्या आसपास होती, आणि तिच्यापोटी व फौजेच्या पुढच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले. मालकी निजामाची, कब्जा कंपनीचा. आपल्याकडे याला जुना नेमका शब्द आहे: कब्जेगहाण.

सत्तावन्नच्या उठावात निजामाचा दिवाण सालारजंग याने इंग्रजांची बाजू धरली. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन चालून गेले, तेव्हा निजामाचे दिवाण त्यांच्या मागे उभे राहिले नाहीत. बक्षीस म्हणून 1860 मध्ये कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. कर्जच उरले नाही तर गहाण सुटायला हवे, हे कोणताही कुळवाडी सांगेल. वऱ्हाड मात्र सुटले नाही. ते 'विश्वस्त म्हणून' ठेवून घेतले गेले. तोवर वऱ्हाडचा भाव वाढत चालला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि अमरावती-खामगावची काळी जमीन कापसाने पिकली होती. रेल्वे नागपूरपर्यंत 1867 मध्ये पोचली, आणि खामगावला खास कापसासाठी फाटा 1870 मध्ये निघाला. सालारजंग वऱ्हाड मागत राहिला, 1876 मध्ये लंडनलाही जाऊन आला, रिकाम्या हाताने परतला. शेवटी 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अलीकडून कायमचा पट्टा लिहून घेतला, वर्षाला 25 लाख रुपये देण्याच्या बोलीवर. गहाणखताचे खरेदीखत कसे होते, याचा यापेक्षा स्वच्छ नमुना शोधून मिळणार नाही.

मग बोरीचे काय? पैनगंगेच्या पलीकडचे रिसोड कब्जेगहाणात गेले आणि अलीकडचे जिंतूर निजामाकडे राहिले, म्हणून बोरी बचावली का? माझ्या मते ती नजरगहाण राहिली. नजरगहाणात जमीन मालकाच्याच ताब्यात असते, पण बोजा चढलेला असतो आणि मालक स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकू शकत नाही. रेल्वेच पाहा. निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी 1883 मध्ये लंडनला स्थापन झाली. 'गॅरंटीड' म्हणजे भांडवलावर 5 टक्के नफ्याची हमी निजाम सरकारच्या तिजोरीतून. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज 1901 च्या सुमारास सेलू, मानवत, परभणीवरून धावू लागली आणि या भागाचा कापूस मुंबईच्या बंदराकडे वळला. इथे हाली शिक्क्याचा व्यवहार, मुंबईत कळदार रुपयाचा. शंभर कळदारला सुमारे 116-117 हाली मोजावे लागत. व्यापाऱ्याच्या वहीत म्हणून दोन रकाने आणि मधे वटावाचा हिशोब. चारमिनारचे चित्र असलेला रुपया आपला खरा, पण कापसाचा भाव त्यात ठरत नव्हता.

यावर पहिला आक्षेप मराठवाड्यातूनच येईल आणि तो रास्त आहे. इथल्या माणसाला छळले ते निजामाने, त्याच्या जहागीरदारांनी आणि शेवटी रझाकारांनी. इंग्रजांवर बोट दाखवून निजामाला कर्जबाजारी बिचारा का ठरवायचे? तसे मी ठरवत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या काळी राजाने रयतेला फार पिळले तर गढ्या उठत, देशमुख-नाईक बंड करत, आणि त्या धाकाने राजा थोडा तरी सावरून वागे. 1819 च्या जानेवारीत हटकरांचे नाईक नौसाजी यांच्या नाव्हा गढीला वेढा पडला, तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, पुढे कंटिंजंट म्हटलेल्या याच फौजेचा. महिनाअखेर गढी पडली. त्यानंतर निजामाला आपल्या रयतेला भ्यायचे कारण उरले नाही, कारण त्याच्या गादीमागे दुसऱ्याची संगीन होती. रयतेच्या धाकातून सुटलेला आणि परक्याच्या धाकात गेलेला राजा हा मराठवाड्यावर इंग्रजांनी ठेवलेला सर्वांत जड बोजा होता. त्याचे अत्याचार त्याचेच, त्यांना मिळालेले संरक्षण मात्र इंग्रजी.

दुसरा आक्षेप वऱ्हाडकडून: कब्जेगहाणातल्या शेतकऱ्याचे बरे चालले, त्याच्या नावावर जमीन झाली, मोजणी झाली, रेल्वे आली. हेही बव्हंशी खरे आहे. अलीकडच्या शेतकऱ्याने पलीकडे हेव्याने पाहावे अशीच स्थिती होती. पण परक्या मालकाने शेत चांगले राखले, एवढ्याने त्याचा ताबा न्याय्य ठरत नाही. आणि चांगले राखले ते गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून. 1899-1900 च्या दुष्काळात कापूस पिकवणाऱ्या त्याच मुलखात धान्याअभावी माणसे मेली.

तिसरा आक्षेप कायद्याचा. निजाम 'मित्र' होता, मांडलिक नव्हता. तहात तसे लिहिले आहे. हा आक्षेप स्वतः निजाम उस्मान अलीखानाने मनापासून मानला आणि वऱ्हाड परत द्या, आपण बरोबरीचे आहोत, असे कळवले. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने लेखी उत्तर पाठवले: ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, म्हणून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येत नाही. सव्वाशे वर्षे मैत्रीच्या भाषेत लपवलेली गोष्ट एका पत्राने उघडी केली. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' हा किताब आणि त्याच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा मान मिळाला. मुलूख गेला, पाटी मिळाली.

ही रीत फक्त आपल्या वाट्याची नव्हती. इजिप्तच्या खेदिवाने कर्जापायी 1875 मध्ये सुएझ कालव्याचे आपले भाग इंग्लंडला विकले, पुढच्याच वर्षी इंग्रज-फ्रेंच अधिकारी त्याच्या खजिन्यावर बसले, आणि 1882 मध्ये इंग्रज फौज कैरोत आली. उत्तर नायजेरियात लुगार्ड या इंग्रज प्रशासकाने अमीरांना गादीवर ठेवूनच राज्य केले. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीजांनी 1510 पासून उलट मार्ग धरला: स्वतः वसले, चर्च बांधली, कायदा बदलला. त्यामुळे त्यांचे जाणे 1961 मध्ये दोन दिवसांचे झाले. नजरगहाणाचे तसे होत नाही. 15 ऑगस्ट 1947 ला इंग्रज गेले, तरी मधला मालक गादीवर तसाच होता, आणि बोरी-जिंतूरला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत.

1853 मध्ये पैनगंगेवर ओढलेली रेघ 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नकाशावरून पुसली गेली. दोन्ही काठ एका राज्यात आले. दप्तरे मात्र वेगळीच राहिली. वऱ्हाडचे जुने कागद अमरावती-नागपूरकडे, मराठवाड्याचे हैदराबादला, उर्दूत, फारसीत आणि मोडीत. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला आपल्याच माणसांच्या जुन्या नोंदींसाठी हैदराबादच्या दप्तरांचे रुमाल उघडावे लागले ते यामुळे.