कंपायलर आणि क्रमाची शिस्त

माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणक जशीच्या तशी अमलात आणू शकत नाही. फोर्ट्रान, पास्कल, सी यांसारख्या भाषांत लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करावे लागते. हे काम जी आज्ञावली करते तिला कंपायलर म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी 'संकलक' असा शब्द आहे. कंपायलर केवळ यंत्राज्ञाच निर्माण करतो असे नाही. मूळ मजकुरात कोणती नावे आली, ती कोणत्या ओळीवर आली, कोणती उपआज्ञावली दुसऱ्या कोणत्या उपआज्ञावलीचा उपयोग करते, अशा अनेक गोष्टींच्या सुरचित याद्याही तो लिहून देतो. या याद्या पुढे माणसे वाचतात आणि इतर आज्ञावल्याही वाचतात.

येथे एक साधा प्रश्न उद्भवतो. तोच मजकूर त्याच कंपायलरला दोनदा दिला, तर दोन्ही वेळी मिळणारे फलित अक्षरशः एकसारखे असेल काय? यंत्र आपल्या लहरीने वागत नाही, तेव्हा ते एकसारखेच असले पाहिजे, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मात्र तसे नेहमी घडत नाही. यादीतील नोंदी त्याच असतात, एकही नोंद चुकलेली नसते. परंतु त्यांचा क्रम बदललेला असतो. हा बदल वरवर क्षुल्लक दिसतो. तो तसा का नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे निक्लाउस विर्ट यांनी 1970 मध्ये पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली. ही भाषा निरनिराळ्या यंत्रांवर नेता यावी म्हणून तेथे 'पी-कंपायलर' तयार करण्यात आला. त्याच्यासंबंधीची टिपणे 1974 मध्ये निघाली. त्यांच्या लेखकांत पहिले नाव केशव नोरी यांचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले हे भारतीय शास्त्रज्ञ पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रातही होते. पी-कंपायलर एका काल्पनिक, साध्या यंत्रासाठी आज्ञा निर्माण करीत असे. तो स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला होता आणि त्या काल्पनिक यंत्राच्या आज्ञांच्या रूपातही दिला जात असे. ज्याला तो हवा असेल त्याने आपल्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारी एक छोटी आज्ञावली लिहावयाची. मग कंपायलर तेथे चालू लागे.

स्वतःचाच मजकूर भाषांतरित करू शकणाऱ्या कंपायलरची एक सुंदर कसोटी घेता येते. चालू स्थितीतील कंपायलरला त्याचाच पास्कल मजकूर द्यावयाचा. त्यातून नवा कंपायलर निघेल. या नव्या कंपायलरला पुन्हा तोच मजकूर द्यावयाचा. दोन्ही वेळची फलिते शेजारी ठेवून ताडून पाहावयाची. ती तंतोतंत जुळली तर कंपायलर आपल्या मजकुराशी इमान राखतो, असे मानण्यास आधार मिळतो. एका अक्षराचाही फरक पडला तर कोठे तरी दोष आहे. आज जगभर वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर उभारताना हीच कसोटी तीन टप्प्यांनी घेतली जाते आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याची फलिते ताडून पाहिली जातात. मात्र या कसोटीत एक अट गृहीत धरलेली आहे: निर्दोष कंपायलरचे फलित दर वेळी एकच असले पाहिजे. क्रम आपोआप बदलू लागला, की खरा दोष कोणता आणि नुसती उलथापालथ कोणती, हे ओळखता येत नाही, आणि कसोटी निरुपयोगी होते.

पी-कंपायलर आज्ञावलीतील नावे दुभागत जाणाऱ्या एका वृक्षात ठेवीत असे. नव्या नावाची वर्णानुक्रमाने तुलना करून ते डाव्या किंवा उजव्या फांदीवर बसविले जाई. म्हणजे नावाचे स्थान नावावरूनच ठरे. पुढे आज्ञावल्या लक्षावधी ओळींच्या झाल्या आणि अधिक वेगवान पद्धतीची गरज भासू लागली. तिला हॅश तक्ता म्हणतात. टपाल कचेरीतील वर्गीकरणाच्या खणांशी तिची तुलना करता येईल. प्रत्येक नोंदीपासून एक संख्या काढावयाची, तिला खणांच्या संख्येने भागावयाचे आणि जी बाकी उरेल त्या खणात नोंद टाकावयाची. शोधताना सारे खण धुंडाळावे लागत नाहीत.

पण ही संख्या कशापासून काढावयाची? अनेक कंपायलर नोंद स्मृतीत ज्या जागी असेल त्या जागेचा क्रमांकच घेतात, कारण तो आयता मिळतो. समजा, सात खण आहेत. 'वेतन', 'कपात' आणि 'हजेरी' ही तीन नावे स्मृतीत 1000, 1040 आणि 1080 या जागी आहेत. सातने भागल्यावर बाकी अनुक्रमे 6, 4 आणि 2 उरते. खण ओळीने रिकामे करीत गेल्यास यादी निघते: हजेरी, कपात, वेतन. दुसऱ्या वेळी हीच नावे 16 जागा पुढे सरकून 1016, 1056 आणि 1096 येथे बसली. आता बाकी 1, 6 आणि 4 उरते आणि यादी होते: वेतन, हजेरी, कपात. आज्ञावली तीच, नावे तीच. बदलली ती केवळ स्मृतीतील जागा. घुसखोरांना अंदाज येऊ नये म्हणून आधुनिक संगणकप्रणाली या जागा दर वेळी मुद्दाम बदलतात, त्यामुळे हा प्रकार अपवादात्मक राहिलेला नाही.

जागेऐवजी नावातील अक्षरांपासून संख्या काढली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. एकाच खणात पडतील अशी हजारो नावे मुद्दाम पाठवून एखादी सेवा ठप्प करता येते, हे 2011 च्या डिसेंबरात जाहीररीत्या दाखवून देण्यात आले. त्यावर उपाय म्हणून पायथॉनसारख्या भाषांनी संख्या काढण्याच्या रीतीत दर वेळी एक यादृच्छिक बीज मिसळण्यास आरंभ केला. पायथॉनमध्ये 2012 पासून ही रीत नेहमीची झाली. अशा भाषेत लिहिलेल्या कंपायलरने तक्ता जसा हाती आला तसा छापला, तर दोन खेपांत क्रम निराळा येऊ शकतो.

उपाय सांगावयास सोपा आहे. आत माहिती कशीही ठेवावी, परंतु ती बाहेर पडताना दाराशी तिला ठरलेल्या क्रमाने उभे करावे, आणि तो क्रम केवळ माहितीच्या आशयावरून ठरावा. स्मृतीतील जागा, घड्याळ किंवा योगायोग यांवरून नव्हे. ग्रंथालयात याचे दोन परिचित नमुने आढळतात. दाखल-नोंदवहीत ग्रंथ ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नोंदले जातात. तालिकेत तेच ग्रंथ लेखकाच्या नावाप्रमाणे लावले जातात. दोन्ही क्रम निश्चित आहेत. कंपायलरलाही नावे मूळ मजकुरात आली त्या क्रमाने देता येतील किंवा वर्णानुक्रमाने देता येतील. पायथॉनच्या शब्दकोशरूपी तक्त्याने 2018 पासून पहिली रीत भाषेचा नियम म्हणूनच स्वीकारली आहे. तथापि मजकूर वाचण्याचे काम एकाच वेळी अनेक कार्यकांनी वाटून घेतले, तर 'आधी कोण आले' हे पुन्हा योगायोगावर अवलंबून राहते. अशा ठिकाणी तालिकेची रीतच सुरक्षित होय.

वर्गवारी करताना बरोबरीचाही विचार करावा लागतो. एकाच लेखकाचे दोन ग्रंथ असतील तर तालिकाकार ग्रंथनाम पाहतो. तेही सारखे असेल तर आवृत्तीचे वर्ष पाहतो. त्याचप्रमाणे दोन उपआज्ञावल्यांची नावे सारखी असल्यास फाइलचे नाव आणि मग ओळीचा क्रमांक पाहावा. कोणत्याही दोन निराळ्या नोंदींत पुढची कोणती हे नियमाने ठरलेच पाहिजे. एक जोडी जरी अनिर्णित राहिली, तरी योगायोगाला तेवढी फट पुरते.

'वर्णानुक्रम' हा शब्दही वाटतो तितका निःसंदिग्ध नाही. मराठीच्या परंपरागत वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो; म्हणून कोशात 'हवा' आधी आणि 'हळद' नंतर येईल. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र ळ चा क्रमांक 2355, व चा 2357 आणि ह चा 2361 आहे. संकेतांकाप्रमाणे लावल्यास 'हळद' आधी येते. संगणकावर कोणत्या प्रदेशाची व भाषेची मांडणी निवडली आहे हे पाहून क्रम लावणारा कंपायलर पुण्यातील एका यंत्रावर एक यादी देईल आणि दुसऱ्या यंत्रावर दुसरी. आणखी एक बारकावा आहे. 'कऱ्हाड' या शब्दातील ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्यावर नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते भिन्न असतात. म्हणून नावे प्रथम एका प्रमाण रूपात आणावयाची आणि मग संकेतांकाप्रमाणे लावावयाची, हा कंपायलरच्या दृष्टीने उत्तम मार्ग होय. वाचकाला तो क्रम कदाचित रुचणार नाही, पण तो सर्वत्र एकच राहील. माणसासाठी छापावयाच्या सूचीत परंपरागत क्रम अवश्य पाळावा. ते काम निराळे समजावे.

क्रम लावण्याचा उत्साहही आवरावा लागतो. काही क्रमांना स्वतःचा अर्थ असतो. उपआज्ञावलीला द्यावयाची मूल्ये कोणत्या क्रमाने द्यावीत, आज्ञा कोणत्या क्रमाने पार पाडाव्यात, या गोष्टी मजकूर लिहिणाऱ्याने ठरविलेल्या असतात. त्या वर्णानुक्रमाने लावणे म्हणजे पाककृतीतील पायऱ्या अक्षरक्रमाने लिहिण्यासारखे होईल. जेथे क्रमाला अर्थ नाही तेथे तो लावून द्यावा, जेथे अर्थ आहे तेथे तो जपावा. हा भेद कंपायलर लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जेसन या लेखनरीतीत हा भेद मुळातच आहे. तिच्यात नाव-मूल्यांच्या जोड्यांचा समूह क्रमहीन मानला जातो, तर ओळीने दिलेल्या मूल्यांचा क्रम अर्थपूर्ण असतो. अशा जोड्या कोणत्या प्रमाण क्रमाने लिहाव्यात, याचा एक नियमसंच 2020 मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

क्रमाखेरीज आणखीही काही गोष्टी फलितात शिरतात: भाषांतराची तारीख व वेळ, फाइल ज्या कप्प्यात होती त्याचे नाव, संगणकाचे नाव. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी 2013 पासून या साऱ्यांचा पद्धतशीर शोध घेतला. त्यांची रीत साधी आहे. एकच मजकूर दोनदा भाषांतरित करावयाचा, पण दुसऱ्या वेळी घड्याळ, कप्पा, भाषेची मांडणी इत्यादी मुद्दाम बदलावयाची. फलितांत फरक पडला तर तो कोठून आला हे शोधून काढावयाचे. वेळ नोंदविणे अपरिहार्य असेल तेथे घड्याळाकडे न पाहता मजकुराच्या शेवटच्या बदलाची वेळ घ्यावी, असा संकेत 2015 मध्ये ठरला.

या शिस्तीचा लाभ अध्ययनालाही होतो. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीच्या अंतरंगाचे शिक्षण देण्यात आले. कंपायलर टप्प्याटप्प्याला जी मध्यंतर रूपे लिहून देतो ती वाचून त्याच्या आतील कार्याचा माग काढावयाचा, हा त्या अभ्यासक्रमाचा एक भाग होता. अशा दोन लेखांची ओळीओळीने तुलना करावयाची असेल, तर त्यांत स्मृतीतील जागांचे क्रमांक नको असतात. ते गाळून टाकण्याची सोय जीसीसीमध्ये याच कारणासाठी केलेली आहे. अन्यथा एका खऱ्या बदलाभोवती शेकडो खोट्या बदलांची गर्दी होते.

सर्वांत मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. युनिक्स प्रणालीचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले, की कंपायलरच्या यंत्ररूपात दडविलेली लबाडी त्याच्या मूळ मजकुरात मुळीच न दिसता पुढील प्रत्येक पिढीत उतरू शकते. ही भीती केवळ तात्त्विक नाही. 2020 च्या डिसेंबरात उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी आज्ञावलीची बांधणी चालू असतानाच तिच्यात आपला मजकूर घुसविला होता; ती अधिकृत सहीनिशी ग्राहकांपर्यंत पोहोचली.

यावर डेव्हिड व्हीलर यांनी 2005 मध्ये एक कसोटी मांडली. ज्या कंपायलरविषयी शंका आहे त्याचा मूळ मजकूर एका सर्वस्वी निराळ्या कंपायलरला द्यावयाचा. त्यातून निघालेल्या कंपायलरला पुन्हा तोच मजकूर द्यावयाचा. आणि अखेरचे फलित संशयिताच्या यंत्ररूपाशी ताडून पाहावयाचे. संशयित आपल्या मजकुराशी प्रामाणिक असेल तर दोन्ही अक्षरशः जुळतील. लबाडी लपवावयाची तर ती दोन्ही स्वतंत्र कंपायलरांत एकाच रीतीने असावी लागेल. पी-कंपायलरच्या काळातील कसोटीचेच हे अधिक कठोर रूप होय, आणि तिचीही अट तीच आहे. निश्चितता स्वतः प्रामाणिकपणा सिद्ध करीत नाही. अप्रामाणिक कंपायलरही दर वेळी तेच चुकीचे उत्तर देऊ शकेल. परंतु निश्चितता नसेल तर तपासणी करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. फलित दर वेळी एकच येत असेल, तर मूळ मजकूर आणि एक संगणक जवळ असणारा कोणीही मनुष्य स्वतः पडताळा पाहू शकतो; त्याला निर्मात्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.