गेम अडखळतोय म्हणून रॅम घेताय? आधी संगणक कुठे अडतो ते बघा

मीरा-भाईंदर : सुट्टी लागली की मीरा रोड, भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी एक मागणी हमखास निघते. गेम अडकतोय, नवीन संगणक घ्या. नव्याचा खर्च ऐकून घरचे गप्प होतात आणि कुणीतरी सुचवतं, रॅम टाका, काम होईल. कधी खरंच होतं. कधी पैसे जातात आणि गेम होता तिथेच अडकतो.

रॅम आणि साठवण यातला फरक वाडा-शहापूरकडच्या वाचकाला पटकन कळेल. साठवण म्हणजे कणगी. गेम, फोटो, विंडोज सगळं तिथे भरून ठेवलेलं असतं, वीज गेली तरी राहतं. रॅम म्हणजे खळं. ज्या मालावर आत्ता काम चाललंय तेवढाच तिथे पसरलेला. खळं लहान पडलं की माल सारखा कणगीत टाकायचा आणि परत काढायचा. संगणकही अगदी हेच करतो, आणि त्या क्षणी पडद्यावरची गाडी जागच्या जागी थिजते.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच तपासा. गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम कमी आहे. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्के, तर दोष डिस्ककडे. दोन्ही भरलेल्या दिसल्या तर आधी रॅमवरच संशय घ्यावा, कारण खळ्यावरची ती ने-आण डिस्कवरच होते. आणि दोन्ही निवांत असून जीपीयू १०० टक्के दिसला, तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. तिथे रॅम, एसएसडी काहीही टाका, फार फरक पडणार नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

किती रॅम पुरते? २०१५ साली जीटीए ५ संगणकावर आला तेव्हा किमान ४ जीबी रॅमवर आणि साध्या हार्ड डिस्कवर चालत होता. त्याच गेमच्या २०२५च्या नव्या आवृत्तीला एसएसडी लागतेच. आज ८ जीबीवर जुने गेम निघून जातात, नव्यांसाठी १६ जीबी धरून चालावं. त्याहून जास्त घरच्या गेमिंगला क्वचितच लागते.

रॅम एकच कांडी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात. ८च्या दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नका. नाहीतर ३२००ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४००वरच चालत राहते.

सगळ्यात जास्त फसगत पिढीवरून होते. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची कांडी दुसरीच्या जागेत बसत नाही. सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम आपली पिढी सांगतो. एसएसडीचंही तसंच. एम.२ची खाच दिसली म्हणून कुठलीही एम.२ एसएसडी चालत नाही. काही खाचा फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. बोर्डाचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर बघा. जुन्या एच६१ बोर्डांवर साधारणपणे एम.२ नसतेच, तिथे अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी.

वेगाचा हिशेब असा. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. पण हार्ड डिस्कवरून साटावर गेल्यावर जो सुटल्यासारखा वाटतो, तेवढा फरक साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर जाणवत नाही. एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम वाढत नाहीत.

भावाचं मात्र अवघड झालंय. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरीच्या चिप वळल्या आणि २०२५च्या शेवटापासून रॅम कडाडली. पाठोपाठ एसएसडीही. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशिअल’ नावाने किरकोळ ग्राहकांना विकला जाणारा माल बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे घाईने मोठी रॅम घेण्यापेक्षा आधी वरची तपासणी करावी आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तीन-चार दुकानांत भाव विचारावा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी हात वर होतात. वापरलेली एसएसडी घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो लावून तिचं उरलेलं आयुष्य दुकानातच बघा.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मगच कांडीला. उत्तन, पाली, चौककडे खारा वारा असतो, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. नवीन रॅम घेण्याआधी जुनीच काढून पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, भुगा झटकून परत लावून बघा. चालू न होणारे किती तरी संगणक एवढ्यावर उठतात.

आणि जुनी डिस्क. त्याच संगणकात सातबाऱ्याच्या प्रती, लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले असतात. क्लोन करताना कुठून कुठे हे उलटं निवडलं की सगळं पुसलं जातं. आधी या गोष्टींची प्रत दुसरीकडे काढा, मग क्लोन. नवीन एसएसडीवर संगणक महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. निघालेली रॅम गावाकडच्या संगणकाला देणार असाल, तर तिकडून आधी बोर्डाचा फोटो मागवा, पिढी जुळते का बघायला.