अंधुक प्रकाशातला निरोप वाचताना

११ डिसेंबर २०२३ रोजी ‘नासा’च्या ‘सायकी’ यानाकडून मांजराची एक छोटी चित्रफीत पृथ्वीवर पोहोचली. यान तेव्हा सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटर दूर होते आणि चित्रफीत रेडिओलहरींऐवजी लेसर किरणांनी आली होती. एवढ्या प्रवासात लेसरचा झोत इतका पसरतो की, कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीत त्याचा अत्यल्प अंशच शिरला. तिथल्या संवेदकाला प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकेक करून मोजावे लागले. इतक्या क्षीण प्रकाशातील संदेश किती अचूक वाचता येतो, हा प्रश्न अखेर क्वांटम सिद्धांताकडे जातो.

एक सोपे उदाहरण घेऊ. प्रकाशाचा स्पंद म्हणजे ‘एक’ आणि अंधार म्हणजे ‘शून्य’ असा संकेत ठरला आहे. दोन्ही चिन्हे सारख्याच प्रमाणात येतात आणि फोटॉन मोजणारे उपकरण पूर्णपणे निर्दोष आहे. तरीही चुका होतातच. लेसरच्या स्पंदात फोटॉनांची संख्या ठरलेली नसते. सरासरी एक फोटॉन असेल, तर काही स्पंदांत दोन-तीन सापडतात आणि शंभरातील सुमारे ३७ स्पंदांत एकही सापडत नाही. असा रिकामा स्पंद ‘शून्य’ म्हणून वाचला जातो. त्यामुळे एकूण शंभर चिन्हांमागे सुमारे १८ चुका होतात. हा दोष उपकरणाचा नसून प्रकाशाच्या स्वभावाचा आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल हेलस्ट्रॉम यांनी १९६७ पासून या प्रश्नाची नव्याने मांडणी केली आणि १९७६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. फोटॉन मोजणे हा मापनाचा केवळ एक प्रकार झाला. क्वांटम सिद्धांताला मान्य असलेले कोणतेही मापन करण्याची मुभा दिली, तर कमीत कमी चुका किती होतील, असे त्यांनी विचारले. वरील उदाहरणात त्याचे उत्तर शंभरामागे सुमारे १० असे येते. याहून कमी चुका करणारे यंत्र बनवणे कोणालाच शक्य नाही.

त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग सॅम्युअल डॉलिनार यांनी १९७३ मध्ये सुचवला. येणाऱ्या स्पंदात ग्राहकयंत्राने स्वतःचा थोडा लेसर प्रकाश मिसळायचा. प्रत्येक फोटॉन टिपला जाताच ‘एक’ की ‘शून्य’ हा अंदाज सुधारायचा आणि मिसळलेला प्रकाशही तत्क्षणी बदलायचा. म्हणजे मापन चालू असतानाच मापनाची पद्धत बदलत राहते. त्यासाठी लागणारी चपळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उपलब्ध होण्यास बराच काळ जावा लागला. या पद्धतीने हेलस्ट्रॉम यांच्या मर्यादेजवळ जाता येते, हे दाखवणारा प्रयोग २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष दळणवळणात उरलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी संदेशासोबत जादा चिन्हे पाठवावी लागतात. मुळात चुका कमी झाल्या, तर तेवढ्याच प्रकाशात अधिक माहिती मावते. दूरच्या यानावर वीज मोजकीच असते. तिथे हा फरक मोलाचा ठरतो.