स्प्लेंडरवाल्यांचं वाळवंट

सरोजिनी नगरच्या बाजारात लोक येतात ते एक्स्पोर्टमधून उरलेल्या कपड्यांसाठी. बाहेर ओळीने लावलेल्या दुचाकींकडे कोण बघतो? बघितलं तर त्यात हिरोची स्प्लेंडर हमखास दिसते. काळी, अंगावर दोन-तीन रंगीत पट्ट्या, सीट थोडी फाटलेली, मालकाला त्याचं काही वाटत नाही. ही मुळात सरकारी नोकरांची वसाहत. बदली होऊन दिल्लीला आलेल्या मराठी कुटुंबांनीही इथल्या क्वार्टरांमध्ये वर्षं काढली. आता ती जुनी घरं पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. स्प्लेंडर मात्र हटलेली नाही.

इथून थोड्याच अंतरावर वसंत विहारच्या बसंत लोकमध्ये या गाडीच्या कंपनीचं मुख्यालय होतं, पुढे ते वसंत कुंजच्या नेल्सन मंडेला मार्गावर गेलं. जगात संख्येने सर्वाधिक दुचाकी बनवणारी कंपनी म्हणून हिरो मोटोकॉर्पचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. ती शंभर सीसीच्या गाड्यांवर मोठी झाली. आपल्याकडे गिऱ्हाईक शोरूममध्ये शिरलं की पहिला प्रश्न विचारतं, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि या प्रश्नाचं सगळ्यात चोख उत्तर हिरोकडे होतं. अशा कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केलं, की आम्ही वाळवंटातल्या डाकार रॅलीला संघ पाठवणार. तिथे ॲव्हरेज कुणी विचारत नाही.

हे का केलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८४ मध्ये हिरोच्या मुंजाल कुटुंबाने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि हिरो होंडा जन्मली. पुढच्या वर्षी हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून सीडी १०० बाहेर पडली. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशी तिची जाहिरात होती, आणि लोकांनी ती शब्दशः खरी मानली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. या सगळ्यात इंजिन होंडाचं होतं. विक्री, वितरण, गावोगावचे डीलर हा हिरोचा हातखंडा, पण सिलिंडरच्या आत काय घडतं हे जपानला ठाऊक. डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं, होंडाने आपला २६ टक्के हिस्सा मुंजालांना विकला आणि २०११ मध्ये कंपनीचं नाव बदललं. तेव्हा बाजारात सरळ प्रश्न होता : यांना स्वतःचं इंजिन बनवता येतं का?

जयपूरजवळ कूकसला उभं राहिलेलं संशोधन केंद्र हे या प्रश्नाचं एक उत्तर होतं. ते २०१६ मध्ये सुरू झालं, आणि रॅली संघाची घोषणाही त्याच वर्षीची. मला हा योगायोग वाटत नाही. शोरूममध्ये सांगून पटत नाही ते वाळवंटात सिद्ध करायचं, असा हा हिशेब होता. त्यात धाडस होतं आणि जाहिरातही होती. दोन्ही एकत्र असायला हरकत नसावी.

संघ उभा करायचा म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं घरचंच हवं, असा हट्ट कंपनीने धरला नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात स्पीडब्रेन नावाची छोटी कंपनी रॅलीच्या गाड्या बनवत होती, तिच्याशी हातमिळवणी केली. स्पीडब्रेनचे वोल्फगांग फिशर संघाचे व्यवस्थापक झाले. रायडर दोन : बंगळूरचा सी. एस. संतोष आणि पोर्तुगालचा जोआकिम रॉड्रिग्ज. संतोष हा डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. २०१५ मध्ये तो ३६वा आला होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या शेरको कंपनीबरोबर टीव्हीएसही डाकारमध्ये उतरली होती, म्हणजे हिरो या वाटेवरची पहिली भारतीय कंपनी नव्हे.

डाकार म्हणजे काय, हे सर्किटवरच्या शर्यती बघणाऱ्याला चटकन कळत नाही. १९७८ च्या डिसेंबरअखेरीस पॅरिसहून सेनेगलच्या डाकारकडे निघालेली ही रॅली २००९ पासून दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात होते. साधारण दोन आठवडे, हजारो किलोमीटर. मोटरसायकलींना २०११ पासून ४५० सीसीची मर्यादा आहे. वाळूत, दगडांत, कोरड्या नदीपात्रात रायडर एकटा असतो. हाताशी रोडबुक : आधी कागदाची गुंडाळी, आता टॅब्लेटचा पडदा. त्यावर अंतर, वळणाचं छोटं चित्र, होकायंत्रातली दिशा अंशांत, आणि धोक्यासाठी उद्गारचिन्हं. एक असलं तर जपून, तीन असली तर जवळजवळ थांबच. आपल्या मोबाईलसारखा नकाशा मिळत नाही. उपकरण एवढंच सांगतं, की ठरलेल्या बिंदूजवळून गेलात की नाही. चुकलात तर परत फिरा किंवा दंडाची मिनिटं सोसा. ताशी शंभरच्या पुढे, उभ्याने गाडी चालवत, हँडलवर बोटांनी रोडबुक पुढे सरकवत हे वाचायचं.

त्यामुळे इथे सर्वांत वेगवान माणूस जिंकेलच असं नाही. जो आज टप्पा जिंकतो, त्याला उद्या सगळ्यांच्या आधी निघावं लागतं, म्हणजे वाळूत चाकोरीच नसते. मागचे त्याच्या खुणांवरून येतात आणि वेळ कमावतात. अनुभवी रायडर कधी कधी मुद्दाम मागे राहतात, एवढी ही शर्यत हिशेबी आहे.

गाडीही या सगळ्याला साजेशी हवी. पेट्रोल एकाच टाकीत नसतं, पुढे आणि मागे वाटलेलं असतं, म्हणजे टाक्या रिकाम्या होत जातानाही तोल बिघडू नये. सस्पेन्शनचा प्रवास लांब, समोर रोडबुकचा उभा मनोरा. इंजिन बदललं तर दंड. मॅरेथॉन टप्प्यात तर रात्री मेकॅनिकच नाहीत. रायडरने स्वतःच पाना हातात घ्यायचा. एरवी मुक्कामाचा तळ लग्नघरासारखा रात्रभर जागा असतो : रायडर झोपतो, मेकॅनिक गाडी उघडतात, एअर फिल्टर, तेल, टायर, चाकं बदलतात आणि पहाटे तीच गाडी नव्यासारखी उभी.

२०१७ मध्ये असुन्सिओनहून बोलिव्हियाच्या उंचीवरून ब्युनोस आयर्सला जाणाऱ्या पहिल्याच डाकारमध्ये हिरोच्या दोन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. नव्या संघासाठी यापेक्षा जास्त मागणं लोभ ठरला असता. २०१८ ला स्पेनचा ओरिओल मेना सातवा आला. रॉड्रिग्ज मात्र पहिल्याच टप्प्यात पडला आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. रॅलीची वार्ता अशीच येते, निकाल आणि इस्पितळ एकाच बातमीत.

२०१९ मध्ये पाउलो गोन्साल्विश संघात आला. तो २०१३ चा क्रॉस-कंट्री विश्वविजेता, २०१५ च्या डाकारचा उपविजेता, आणि कैक वर्षं होंडाचा रायडर. रॉड्रिग्जचा तो मेहुणा. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात सातव्या टप्प्यात तो पडला आणि त्यातच गेला. चाळीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीचा मोटरसायकलींचा टप्पा रद्द झाला, हिरोने उरलेल्या रॅलीतून माघार घेतली. पुढच्या वर्षी संतोष चौथ्या टप्प्यात कोसळला, रियाधच्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला औषधं देऊन बेशुद्ध ठेवलं होतं. तो बरा झाला. पण हिरोच्या जागी दुसरी एखादी कंपनी असती, तर संचालकांच्या बैठकीत खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवून विषय संपवला असता.

४ जानेवारी २०२२ ला रॉड्रिग्जने तिसरा टप्पा जिंकला. हिरोचा डाकारमधला तो पहिला टप्पाविजय. तोच रॉड्रिग्ज, पाठ मोडलेला, मेहुणा गमावलेला.

पुढची मजल बोट्सवानाच्या रॉस ब्रांचने मारली. व्यवसायाने वैमानिक, ज्वानेंग या खाणींच्या गावचा, टोपणनाव ‘कालाहारी फेरारी’. २०२४ च्या डाकारमध्ये त्याने पहिलाच टप्पा जिंकला आणि अखेरीस एकूण दुसरा आला, विजेत्याच्या मागे जेमतेम अकरा मिनिटं. भारतीय कंपनी डाकारच्या पहिल्या तिघांत येण्याची ही पहिलीच वेळ. विजेता होता अमेरिकेचा रिकी ब्रेबेक, आणि त्याची गाडी होंडा. ज्यांच्या इंजिनावर २६ वर्षं घर चाललं, त्यांच्या कारखाना-संघाच्या मागे फक्त एवढं अंतर! त्याच वर्षी ब्रांच जागतिक रॅली-रेड स्पर्धेचा विजेता ठरला. म्हणजे विश्वविजेतेपद हिरोच्या गाडीवर आलं.

आता खटकणारी गोष्ट. गाडीवर नाव दिल्लीचं, पण संघाचा रोजचा कारभार बव्हेरियातून. तिथे हिरोचं तंत्रकेंद्रही आहे. मुख्य रायडर परदेशी. भारतीय संघ म्हणून छाती फुगवण्याआधी हे ध्यानात घ्यावं. मात्र तक्रारीचं खरं ठिकाण मला वेगळं वाटतं. तंत्र विकत घेता येतं, शिकताही येतं, आणि हिरोने ते शिकून एक्सपल्ससारखी कच्च्या रस्त्याची गाडी सामान्यांच्या खिशाला परवडेल अशी आणली. रायडर तसे विकत घेऊन तयार होत नाहीत. त्यांना लहानपणापासून मातीत चालवायला जागा, पडल्यावर उपचार आणि वर्षानुवर्षं खर्च करणारं कुणीतरी लागतं. केरळचा हरिथ नोहा २०२४ मध्ये शेरको-टीव्हीएसवर एकूण अकरावा आला आणि रॅली-टू या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला, तो याच वाटेने. मुंबईचे आशिष रावराणे २०२१ मध्ये कुठल्याही कारखान्याच्या संघाविना डाकारला उतरले होते. खर्च, गाडी, व्हिसा, सगळं स्वतः जुळवून.

हिरोने मात्र २०२५ च्या मोसमासाठी पुन्हा परदेशी रायडरच घेतला, चिलीचा होझे इग्नासिओ कॉर्नेहो. त्याआधी तो होंडाकडे होता.