गोळीबारात पोळलेली माणसे रस्त्यावर का उतरतात?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी येते आणि थोड्याच दिवसांत गेलेल्या मुलांचे आईवडील हातात फलक घेऊन सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उभे असलेले टीव्हीवर दिसतात. आपल्याकडच्या माणसाला याचे नवल वाटते. घरात सुतक असताना ही माणसे सभेत बोलायला जातातच कशी? काहीजण तर 'हे सारे प्रसिद्धीसाठी' असे म्हणून मोकळे होतात. ज्यांची मुले, नातवंडे त्या देशात शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्या मनात या प्रश्नाबरोबर एक धास्तीही असते. वरवर पाहता हा प्रश्न राजकारणाचा आहे. पण त्याचे मूळ मनाच्या आणि शरीराच्या आरोग्यात आहे, म्हणून या सदरात त्याचा विचार करू.

स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचे एक छोटे गाव आहे. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक इसम चार पिस्तुले घेऊन शिरला. पाच-सहा वर्षांची मुले खेळाच्या तासाला जमली होती. तीन-चार मिनिटांत त्याने शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या आणि शेवटी स्वतःलाही संपवले. १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. (पुढे टेनिसपटू म्हणून नावारूपाला आलेला अँडी मरे तेव्हा याच शाळेत होता. आठ वर्षांचा होता आणि त्या दिवशी इतर मुलांबरोबर लपून बसला होता.)

मेलेल्या मुलांत सोफी नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिचे वडील मिक नॉर्थ हे विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवीत. त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वीच कर्करोगाने वारली होती आणि बापलेक दोघेच घरात राहत. म्हणजे या एकाच माणसाच्या वाट्याला दोन प्रकारचे मृत्यू आले. कर्करोग हा वैऱ्यासारखा आजार खरा. पण तेथे डॉक्टर असतात, औषधे असतात, निरोप घ्यायला थोडा वेळ असतो आणि अखेर 'आपण होते तेवढे केले' असे मनाला सांगता येते. दुसऱ्या मृत्यूत यातले काहीच नसते. सकाळी शाळेत सोडलेले मूल संध्याकाळी नसते, आणि ज्याला जाब विचारायचा तो मारेकरीही मेलेला असतो.

पुढे जी माहिती बाहेर आली ती आईबापांना अधिकच जाळणारी होती. मारेकऱ्याची चारही हत्यारे परवान्याची होती. त्याच्या वागण्याविषयी पूर्वी तक्रारी झाल्या होत्या. १९९१ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने त्याचा परवाना रद्द करण्याचा विचार व्हावा असे वरिष्ठांना लेखी कळवले होते, पण त्यावर कारवाई झाली नाही. शिवाय १९८७ मध्ये इंग्लंडमधील हंगरफर्ड गावात अशाच एका गोळीबारात १६ माणसे मेली होती. त्यानंतर सरकारने ठरावीक प्रकारच्या रायफलींवर बंदी घातली. मात्र त्या मारेकऱ्याच्या हाती पिस्तूलही होते, तरी खाजगी पिस्तुले मोकळीच राहिली.

'हे टळू शकले असते' हे वाक्य एकदा मनात शिरले की दुःखाची जात बदलते. दुःख हळूहळू निवण्याऐवजी ते त्याच एका जागी फिरत राहते. अपघाताचा, हिंसेचा, जबर धक्का बसलेल्या माणसाला तो प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे दिसणे, झोप न लागणे, फटाका वाजला तरी दचकणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे, या तक्रारी महिनोन्महिने राहू शकतात. याला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात; अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याला आजारांच्या यादीत स्थान दिले. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिले, ते आजही वाचले जाते. अशा आघाताचा गाभा म्हणजे असहायता, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. आपल्या हातात काहीच नव्हते, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. म्हणून बरे होण्याच्या वाटेवर काहीतरी आपल्या हातात परत येणे आवश्यक असते. बहुतेक माणसांना ते घरात, कामात, नातलगांत सापडते. काहीजणांना मात्र आपल्या दुःखातून सार्वजनिक काम उभे राहिल्याशिवाय स्वस्थता लाभत नाही.

डनब्लेनमध्ये तेच घडले. गावातील आणि आसपासच्या काही मातांनी, मृत मुलांच्या कुटुंबांना सोबत घेऊन, सह्यांची मोहीम सुरू केली. मार्च महिन्यात त्या थंड मुलखात 'स्नोड्रॉप' नावाचे एक पांढरे फूल तेवढे फुललेले असते. तेच नाव मोहिमेला दिले. थोड्याच आठवड्यांत सात लाखांहून अधिक सह्या जमल्या. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी, लॉर्ड कलेन यांनी, आपल्या अहवालात पिस्तुलांवर सरसकट बंदीचा आग्रह धरलेला नव्हता. तरीही १९९७ मध्ये दोन टप्प्यांत, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांकडून, उत्तर आयर्लंड सोडून उर्वरित ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुले जवळपास पूर्णपणे बंद झाली. दीड लाखांहून अधिक पिस्तुले लोकांनी जमा केली. त्यानंतर ब्रिटनमध्ये सामूहिक गोळीबार मुळीच झाले नाहीत असे नाही. २०१० मध्ये कंब्रिया परगण्यात १२ आणि २०२१ मध्ये प्लिमथ शहरात ५ बळी गेले, तेथे शॉटगन आणि रायफली वापरल्या गेल्या. पण डनब्लेनसारखा शाळेतील संहार पुन्हा झालेला नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे ही लढाई फार लांबते. मला तेथील एका परिचारिकेची हकीगत विशेष बोलकी वाटते. कॅरोलिन मॅकार्थी यांनी उभा जन्म रुग्णसेवेत घालवला होता. ७ डिसेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कहून घरी निघालेल्या लोकल गाडीत एका इसमाने गोळीबार केला. सहा प्रवासी मेले, त्यांत त्यांचे पती होते. तरुण मुलाच्या डोक्यात गोळी लागून तो अर्धांगाने अधू झाला. गोळ्यांची पेटी बदलण्यासाठी मारेकरी थांबला तेव्हाच इतर प्रवाशांनी झडप घालून त्याला पकडले. पेटीत किती गोळ्या मावाव्यात, या रुक्ष वाटणाऱ्या वादाला त्या डब्यातील माणसांच्या दृष्टीने किती अर्थ होता, हे यावरून ध्यानात यावे. १९९४ च्या कायद्याने दहाहून अधिक गोळ्या मावणाऱ्या नव्या पेट्यांवर आणि काही लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आली. बाईंच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने ही बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा १९९६ मध्ये त्या स्वतः त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि पुढे अठरा वर्षे प्रतिनिधिगृहात होत्या. मुलाची शुश्रूषा आणि कायद्याचा मसुदा ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी बहुधा एकाच धंद्यातली असावीत. १९९४ ची ती बंदी २००४ मध्ये मुदत संपून गेली, हेही सांगितले पाहिजे.

बातमीत मृतांचा आकडा येतो, जखमींचा एका ओळीत उरकला जातो. पण गोळी हे केवळ भोक पाडणारे हत्यार नव्हे. रायफलीची वेगवान गोळी शरीरातून जाताना आजूबाजूचे मांस, यकृत, रक्तवाहिन्या क्षणभर बाजूला फेकते, आणि मार्गात न आलेला अवयवही फाटतो. वाचलेल्या माणसाला मागाहून अनेक शस्त्रक्रिया, पोटावर लावलेली मलविसर्जनाची पिशवी, मज्जारज्जू दुखावल्यास कमरेखालची लुळेपणाची जन्मठेप, असे बरेच काही भोगावे लागते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये हल्ला झाला तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली. ते पुढे ३३ वर्षे जगले, पण चाकांच्या खुर्चीत. पत्नी सेरा यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, तेव्हा १९९३ मध्ये पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासण्याचा कायदा झाला. मारेकऱ्याने ते रिव्हॉल्व्हर खोटा पत्ता देऊन गहाणवटीच्या दुकानातून घेतले होते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ मध्ये एकूण ४८,८३० मृत्यू झाले, त्यांत २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. मनाचा उद्रेक बहुधा थोडा वेळ टिकतो. त्या वेळी हाताशी काय आहे यावर जगणे-मरणे ठरते, आणि बंदूक दुसरी संधी सहसा देत नाही. आपल्या खेड्यांत कीटकनाशकाच्या डब्याचे जे काम, तेच तेथे उशाजवळच्या पिस्तुलाचे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर आत्महत्यांचे प्रमाण बरेच खाली आले. त्यामुळे चळवळीत अशीही घरे आहेत की ज्यांचा मारेकऱ्याशी संबंधच आला नाही. घरातील मुलानेच कपाटातली बंदूक घेतली. त्यांची मागणी एवढीच असते की बंदूक कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा.

डॉक्टरही यात ओढले गेले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील बंदूकधारकांच्या बड्या संघटनेने डॉक्टरांना 'आपले काम बघा' अशा अर्थाचे सुनावले. त्यावर शेकडो शल्यचिकित्सकांनी रक्ताळलेल्या कपड्यांनिशी आपली छायाचित्रे प्रसिद्ध केली. हेच आमचे काम, असे त्यांचे उत्तर होते. त्यांत पुढे असलेले डॉ. जोसेफ सॅक्रान यांना स्वतःला सतराव्या वर्षी गळ्यात गोळी लागली होती. वाचले, आणि जखमींवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर झाले.

मात्र चळवळ हे दुखण्यावरचे हुकमी औषध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रत्येक भाषणात तीच सकाळ पुन्हा सांगावी लागते. हार वाट्याला आली तर जखम उघडी पडते: २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले व ६ मोठी माणसे मारली गेली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये सिनेटमध्ये विधेयक पडले, तेव्हा त्या मुलांचे काही पालक सज्जात बसले होते. वर 'तुमची मुले मेलीच नाहीत, हे नाटक आहे' असे सांगणारे निघाले. अशा एका प्रचारकाला २०२२ मध्ये न्यायालयात सुमारे शंभर कोटी डॉलरची भरपाई ठोठावण्यात आली. फ्लोरिडातील पार्कलंड येथे २०१८ मध्ये १७ बळी गेले. तेथील मुलांनी महिन्याभरात राज्याचा कायदा बदलून घेतला आणि देशभर मोर्चे काढले. परंतु वर्षभराने त्याच शाळेतील दोन वाचलेल्या मुलांनी आठवड्याच्या अंतराने जीव दिला, ही त्याच गावाची दुसरी बाजू आहे.

म्हणून अशा घरातल्या माणसाला 'आता विसर' असे सांगू नये, तसेच 'तू लढलेच पाहिजे' असाही आग्रह धरू नये. डनब्लेनच्या काही कुटुंबांनी मोहिमेत भाग घेतला नाही. त्यांचे दुःख त्यामुळे कमी ठरत नाही. जो लढतो आहे त्याला जेवण, झोप आणि न बोलता बसायला एखादे माणूस मिळते आहे ना, एवढे जवळच्यांनी पाहावे. झोप आठवडेच्या आठवडे नसेल, दारू वाढली असेल, 'मीच का वाचलो' असे तो पुनःपुन्हा म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यास उशीर करू नये. वर्ष-दोन वर्षे उलटून गेल्यावरही ही लक्षणे उफाळून येतात. विशेषतः त्या तारखेच्या आसपास.