औषधिद्रव्यांची गंधपरीक्षा : आधुनिक गंधशास्त्राच्या प्रकाशात

कच्च्या औषधिद्रव्याची थैली उघडली की वैद्याचा हात प्रथम नाकाकडे जातो. चिमूटभर चूर्ण तळहातावर चोळावे, हुंगावे आणि ‘माल ताजा आहे’ किंवा ‘जुना झाला’ असा निर्णय द्यावा, ही रीत आपण सर्वांनी गुरुजनांकडून शिकली आहे. ती सोडण्याचे काही कारण नाही. मात्र गेल्या दीडशे वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी गंध द्रव्यापासून वेगळा काढला, त्याची रचना शोधली आणि तो कारखान्यात घडविला. त्यामुळे ‘वास बरोबर, म्हणून द्रव्य बरोबर’ हे आपले अनुमान आज कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. चिकित्सक आणि औषधनिर्माते या दोघांशीही या प्रश्नाचा रोजचा संबंध आहे.

शास्त्रातील गंधाचे स्थान

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण व घ्राणेंद्रिय हे पार्थिव, हा सिद्धांत सर्वश्रुत आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात रोग्याच्या शरीरगंधाची परीक्षा प्रत्यक्ष नाकाने करण्यास सांगितले आहे आणि इंद्रियस्थानात गंधाच्या विकृतीवरून अरिष्टज्ञान वर्णिले आहे. सुश्रुताचार्यांनी सुगंध व दुर्गंध यांची गणना गुणांमध्ये केली आहे. असे असले, तरी द्रव्याचे कर्म ठरते ते रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव या सर्वांच्या समुच्चयाने. एकट्या गंधाने नव्हे. गंध द्रव्याची ओळख सुचवितो. त्याच्या कर्माची हमी तो देत नाही.

एकाच गंधाची भिन्न द्रव्ये असू शकतात, हे आपल्या पूर्वजांनाही ज्ञात होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गंधयुक्ती अध्यायात मंजिष्ठा, व्याघ्रनख, त्वक्, कुष्ठ आदी द्रव्ये तेलात घालून, उन्हात तापवून चाफ्याच्या वासाचे तेल करण्याची कृती आहे. त्यात चाफ्याचे एकही फूल नाही! त्याच अध्यायात १६ द्रव्यांतून ४-४ निवडल्यास १८२० मिश्रणे होतात, असे गणितही मांडले आहे. ही विद्या महाराष्ट्रातही जिवंत होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या दुर्मीळ ग्रंथाच्या हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या हस्तलिखितात मूळ संस्कृत ग्रंथासोबत मराठी टीकाही आहे. परंतु गंधयुक्ती ही प्रसाधनाची कला होती. चाफ्याच्या वासाचे तेल केसांना लावणाऱ्याचे काही बिघडत नाही. चाफा हे औषध म्हणून द्यावयाचे असेल, तर मात्र प्रश्न वेगळा होतो.

रानातील गवत आणि युरोपातील प्रयोगशाळा

या शास्त्राच्या आधुनिक इतिहासाचा एक धागा आपल्याच रानातून निघाला आहे. रोशा गवत, ज्याला विदर्भात तिखाडी म्हणतात व ज्याची सांगड रोहिष तृणाशी घातली जाते, ते कोरड्या, विरळ जंगलात वाढते. खानदेश, निमाड व वऱ्हाडच्या रानांत भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जात असे. ते मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपातील व्यापारी त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. वास्तविक ते तुर्कस्तानचेही नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते.

ही भेसळ नाकाला का कळत नसे, याचे उत्तर १८७१ साली मिळाले. ऑस्कर याकोबसन या जर्मन रसायनज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक शुद्ध घटक वेगळा केला. त्यालाच आज जिरॅनिऑल म्हणतात. उत्तम रोशा तेलाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग याच घटकाचा असतो आणि गुलाबाच्या अत्तरातही तो असतो. दोन्ही वनस्पतींत एकच गंधकण असल्यावर नाकाने भेद कसा करावा?

कृत्रिम गंधांचा उदय

याच सुमारास गंध घडविण्यासही आरंभ झाला. १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी कुमारीन हा सुक्या गवतासारखा वास देणारा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. १८७४ मध्ये हारमान व टीमान यांनी पाइन वृक्षातील एका घटकापासून व्हॅनिलिन बनविले. १८९३ मध्ये टीमान व क्रूगर यांनी सिट्रलपासून आयोनोन हा व्हायोलेट फुलांचा गंध सिद्ध केला. हे सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहाच्या तेलातील मुख्य घटक होय.

वैद्यांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण कस्तुरीचे आहे. १८८८ मध्ये आल्बेर्ट बाउर हे स्फोटक द्रव्यांच्या जातकुळीतील नायट्रो संयुगांवर काम करीत असता, त्यांना एका पदार्थास कस्तुरीसारखा वास असल्याचे आढळले. पुढे १९०६ मध्ये वालबाउम यांनी खऱ्या कस्तुरीतून मस्कोन हा घटक वेगळा केला आणि १९२६ मध्ये रुझिच्का यांनी त्याची रचना उलगडली. तेव्हा स्पष्ट झाले, की दोहोंच्या रचनेत काडीचेही साम्य नाही. नाकास एक वाटणारे हे दोन पदार्थ शरीरास एक वाटतील, असे मानण्यास काय आधार?

नाक गंध कसा ओळखते?

याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्राने अलीकडे दिले. १९९१ मध्ये लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी घ्राणग्राही प्रथिनांची जनुके शोधली. या कार्यास २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत. एक गंधकण अनेक ग्राहींना कमी-अधिक उद्दीपित करतो व एक ग्राही अनेक गंधकणांना प्रतिसाद देतो. कोणते ग्राही एकाच वेळी जागे झाले, त्या जुळणीवरून मेंदू गंधाची ओळख पटवितो. हे पेटीवरील सुरावटीसारखे आहे. पट्ट्या मोजक्या असल्या, तरी सुरावटी अगणित होतात. दुसऱ्या कोणी त्याच पट्ट्या दाबल्या, तर ऐकणाऱ्यास तीच सुरावट ऐकू येते.

या यंत्रणेची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. घरच्या पुदिन्यात व बाळंतशेपात कार्व्होन हाच घटक असतो. फरक इतकाच, की दोन कण उजव्या व डाव्या हातासारखे एकमेकांची आरशातील प्रतिमा आहेत. तरीही नाकाला एक पुदिना व दुसरा शेपा वाटतो. हे १९७१ मध्ये शुद्ध नमुन्यांवर निर्विवाद सिद्ध झाले.

याउलट उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या जंगलातच आहे. ताडोबाच्या रानात वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडांवर जो द्रव फवारतो, त्याला सुवासिक तांदळाचा वास येतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले, की त्यास कारण असलेला कण २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा आहे. बासमती व आंबेमोहोर तांदळाचा सुवास याच कणाचा आणि चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्याचा सडा पडतो, त्या मोहफुलातही हाच कण सापडला आहे. वाघ, भात व मोहफूल यांत गफलत कोणी करणार नाही, कारण आपण ते डोळ्यांनी पाहतो. चूर्ण झालेल्या द्रव्यास मात्र असे रूप उरत नाही. तेथे साक्ष उरते ती केवळ नाकाची.

घुग्घुस येथील आमचा अनुभव

घुग्घुस हे वर्धा नदीकाठचे कोळसा खाणींचे गाव. बाहेरगावचा पाहुणा गावात शिरताच धुराचा वास येतो म्हणतो. आम्हांस तो जाणवत नाही. सतत येणाऱ्या वासाकडे घ्राणेंद्रिय काही मिनिटांतच दुर्लक्ष करू लागते. औषधांच्या कोठीत दिवसभर बसणाऱ्या वैद्याचेही असेच होते. ज्या वासात तो राहतो, तोच वास त्याला कळेनासा होतो.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आमच्याकडे श्वेतचंदनाचे चूर्ण आले. पुडा उघडताच दवाखाना दरवळला व आम्ही संतुष्ट झालो. वास्तविक शंका तेथेच यावयास हवी होती. कारण सुक्या चंदनाचा गंध मंद असतो व उगाळल्यावर तो फुलतो. ऐन मे महिन्यात घामोळ्यांनी हैराण झालेल्या एका बालकास आम्ही त्या चूर्णाचा लेप दिला. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली, तेव्हा लेप लावलेली पाठ लाल झाली होती व दाह दुप्पट झाला होता. लेप थांबविला आणि चार-पाच दिवसांत त्वचा निवळली. त्यानंतर आम्ही ते चूर्ण व घरच्या चंदनाच्या खोडाचे उगाळलेले गंध दोन कागदांवर शेजारी-शेजारी ठेवले. तिसऱ्या दिवशी खोडाचे गंध तसेच मंद दरवळत होते आणि चूर्णाला निव्वळ भुश्शाचा वास येत होता. चूर्ण देणारा व्यापारी दोषी खराच. पण एका हुंगण्यावर विसंबून ते बालकाच्या अंगाला लावले आम्ही. ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

व्यवहारात काय करावे?

१. गंधपरीक्षा सकाळी, कोठीबाहेर मोकळ्या हवेत करावी. त्यापूर्वी पान, तंबाखू, अगरबत्ती वर्ज्य. एका वेळी तीनहून अधिक नमुने हुंगू नयेत व प्रत्येकानंतर थोडा अवकाश घ्यावा.

२. खात्रीच्या द्रव्याचा नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत जपून ठेवावा. नवा माल त्याच्याशी ताडून पाहावा. कोणता नमुना कोणता, हे परीक्षकास आधी कळू देऊ नये.

३. तेल किंवा चूर्ण कागदावर ठेवून प्रथम क्षणी, एका तासाने, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी गंध पाहावा. द्रव्याचा स्वाभाविक गंध हळूहळू बदलत जातो. वरून लावलेला गंध बहुधा आरंभी उग्र असतो व लवकर विरतो.

४. लवंगेची परीक्षा नखाने व पाण्याने करावी. कळीवर नख दाबल्यास तेल दिसावे. पाण्यात ती बुडावी किंवा उभी तरंगावी. तेल काढून घेतलेली लवंग आडवी तरंगते. आयुर्वेदीय फार्माकोपियात लवंगेतील उडनशील तेलाचे प्रमाण किमान १५ टक्के सांगितले आहे.

५. कापराच्या झाडापासून मिळणारा कापूर ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवितो. टर्पेंटाइनपासून बनविलेला कृत्रिम कापूर ते फिरवीत नाही. भीमसेनी म्हणजे बोर्निऑल. ते सुमारे २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर साधा कापूर १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान. येथे नाक फसते, पण पोलॅरिमीटर व द्रवणांक फसत नाहीत.

६. चंदन तेलासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. आंतरराष्ट्रीय मानकात त्यातील सँटॅलॉलच्या प्रमाणाच्या मर्यादा दिल्या आहेत. चंदनासारखा वास देणारी कृत्रिम रसायने या परीक्षेत उघडी पडतात.

७. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ‘अस्सल कस्तुरी’ म्हणून कोणी काही देऊ केल्यास ते एकतर बेकायदेशीर असते किंवा कृत्रिम. दोन्ही प्रकारे ते नाकारावे.

८. वैद्याने स्वतःच्या नाकाचीही परीक्षा घ्यावी. २०२०-२१ च्या कोरोना साथीत अनेकांची घ्राणशक्ती गेली वा विकृत झाली आणि काहींची पूर्ववत झाली नाही. या परीक्षेसाठी कापूर वा पेपरमिंट वापरू नये. त्यांचा थंडावा वेगळ्या नाडीने कळतो व वास न येणाऱ्यासही ‘वास आला’ असे वाटते. लवंग, सुंठ, जटामांसी ही द्रव्ये डोळे मिटून ओळखता येतात का, ते पाहावे.

औषधनिर्मात्यांना आणखी एक विनंती. शेड्यूल टी २००० साली लागू झाल्यापासून गुणवत्ता नियंत्रण ही कायद्याची अट झाली आहे. उडनशील तेल मोजण्याचे क्लेव्हेंजर उपकरण हे काचेचे साधे साधन आहे. लहान फार्मसीसही ते झेपते. स्वतःचे नसल्यास तालुक्यातील चार-पाच वैद्यांनी मिळून एक घ्यावे व सुगंधी द्रव्याचा प्रत्येक नवा माल त्यावर तपासून नोंद ठेवावी.

कृत्रिम गंध सर्वस्वी त्याज्य आहेत, असे आमचे म्हणणे नाही. साबण, अगरबत्ती यांत त्यांना स्थान आहे आणि त्यामुळे चंदनवृक्षांवरील व कस्तुरीमृगांवरील भार काही अंशी हलका होतो. परंतु रोगी आपल्याकडे येतो तो सुवासासाठी नव्हे. पुड्यावर ज्या द्रव्याचे नाव आहे ते द्रव्य आत आहे, या विश्वासाने तो औषध घेतो. तो विश्वास सांभाळण्यास पूर्वी अनुभवी नाक पुरत असे. आता त्या नाकाच्या जोडीला कागद, पाणी, काचेचे उपकरण व वेळ यांची मदत घ्यावी लागेल. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या भागात आढळलेली भेसळीची उदाहरणे व ती ओळखण्याच्या रीती या नियतकालिकाकडे अवश्य कळवाव्यात. त्या एकत्र झाल्यास पुढील पिढीच्या हाती आमच्यापेक्षा अधिक खात्रीची परीक्षा देता येईल.