खुलासा लिहिण्याआधी : मानसिक आजार, नोकरी आणि आपला हक्क



आजचा विषय अभ्यासक्रमातला नाही, पण तो प्रत्येक स्टाफरूममध्ये आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधी एक सर पाचोडला माझ्या घरी आले. एका अनुदानित शाळेत एकोणीस वर्षांची नोकरी. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सात पाकिटं. त्यातली चार त्यांनी फोडलीच नव्हती. म्हणाले, "मॅडम, उघडायची हिंमतच होत नाही. पाकीट दिसलं की छातीत धडधडतं." (सरांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव, संस्था मुद्दाम लिहीत नाही.)

वरच्या पाकिटात तिसरी कारणे दाखवा नोटीस होती. बावीस दिवस उशिरा येणे, पोषण आहाराच्या नोंदी अपुऱ्या, अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर, मुख्याध्यापकांशी उद्धट वर्तन. मी विचारलं, यातलं खोटं काय आहे? सर म्हणाले, "काहीच नाही. सगळं खरं आहे."

मग खरं काय नव्हतं? तर सर चार वर्षांपासून बायपोलर आजारावर उपचार घेत होते, हे एकाही कागदावर नव्हतं. रात्रीच्या गोळ्यांमुळे सकाळी आठपर्यंत डोळा उघडत नाही, हे नव्हतं. त्या अकरा दिवसांत ते भिंतीकडे तोंड करून पडून होते, जेवणसुद्धा वहिनी भरवत होत्या, हेही नव्हतं. आधीच्या दोन खुलाशांत सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : "घरगुती अडचणीमुळे" आणि "मोटारसायकल पंक्चर झाल्यामुळे".

आता विचार करा. तुम्ही चौकशी अधिकारी असता आणि तुमच्यासमोर एवढेच कागद असते, तर तुम्ही काय ठरवलं असतं? कामचुकार माणूस, असंच ना?

कायदा काय म्हणतो

दिव्यांग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठी, कुबडी, व्हीलचेअर येते. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (लागू १९ एप्रिल २०१७) मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि त्यात मानसिक आजारही आहे. अर्थात परीक्षेच्या आदल्या दिवशीचा ताण म्हणजे मानसिक आजार नव्हे. विचार, मनःस्थिती, आकलन, स्मरण यांत मोठा बिघाड होऊन रोजचं जगणं आणि निर्णय घेणं अवघड होतं, असा आजार कायद्याला अभिप्रेत आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "माझ्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, मग मला कसला हक्क?" असं लोक म्हणतात. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि तत्सम लाभांसाठी आहे. भेदभाव होऊ नये हा हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही. आजार दीर्घकाळाचा असावा आणि त्यामुळे इतरांच्या बरोबरीने काम करण्यात अडथळा येत असावा, हे महत्त्वाचं.

नोकरीसाठी कलम २० वाचा. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करायचा नाही, काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून द्यायची, केवळ दिव्यांगतेमुळे पदोन्नती नाकारायची नाही. आणि कलम २०(४) तर प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं : नोकरीत असताना दिव्यांगता आली तर काढून टाकता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. पद रिकामं नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं.

"पण आमची तर खाजगी संस्था आहे, सरकारी कुठंय?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. कायद्यातली सरकारी आस्थापनेची व्याख्या बघा. शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही तिच्यात येते. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा तर आलीच, अनुदानित शाळाही आली.

सीआरपीएफचा खटला

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात जो निकाल दिला, तो आपल्या उशीर-गैरहजेरीच्या नोटिशींपेक्षा कितीतरी कठीण प्रसंगातला आहे. म्हणूनच तो समजून घ्यायचा. धारीवाल २००१ साली सीआरपीएफमध्ये दाखल झालेले अधिकारी. पुढे त्यांना ओसीडी, म्हणजे मनात नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आजार, आणि त्यासोबत नैराश्य झालं. २०१० मध्ये त्यांच्यावर विभागीय चौकशी लागली. आरोप साधे नव्हते. मारण्या-मरण्याची भाषा, वरिष्ठांशी वागणूक, परवानगीशिवाय माध्यमांसमोर जाणं, असे होते. आणि हातात बंदूक असणारं खातं!

न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्यकांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने ती चौकशीची कारवाई रद्द केली. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगते. मानसिक दिव्यांगता असलेल्या माणसाला कामाच्या ठिकाणचे वागण्याचे नियम पाळणं इतरांपेक्षा जड जातं, त्यामुळे शिस्तभंगाच्या कारवाईत तो सापडण्याची शक्यताही जास्त असते. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली, तर वरून समान दिसणारी ती वागणूक प्रत्यक्षात अप्रत्यक्ष भेदभाव ठरते. आणि ज्या वर्तनावरून कारवाई झाली त्याचं एकमेव कारण आजारच होता, हे सिद्ध करावं लागत नाही. अनेक कारणांपैकी आजार हे एक कारण असलं तरी पुरे.

न्यायालयाने दुसरी बाजूही सोडली नाही. सध्याचं काम त्यांना झेपणारं नाही असं ठरलं, तर वेतन आणि सेवाशर्ती सांभाळून दुसरं काम द्या, आणि ते देताना शस्त्र हाताळावं लागणार नाही याची काळजी घ्यायला खातं मोकळं आहे, असंही सांगितलं. सुरक्षितता आणि नोकरी, दोन्ही राखता येतात.

सांगायचं की लपवायचं?

खरी अडचण इथेच आहे. हा सगळा कायदा कार्यालयाला आजार माहीत असेल तरच कामाला येतो. आणि आजार कळू द्यायची तर सगळ्यात जास्त भीती! आपल्याकडे "याला येरवड्याला पाठवा" हा विनोद आहे. मुलीचं लग्न अडेल, पालक वर्ग बदलून मागतील, गावात बोलबाला होईल. ही भीती खोटी नाही, "घाबरू नका, बिनधास्त सांगा" असं मी कुणालाही म्हणणार नाही.

माझं मत असं : स्टाफरूमला सांगू नका, आवक बारनिशीला सांगा. म्हणजे पहिली नोटीस किंवा पहिला लेखी ठपका आला की त्याच खुलाशात आजाराचा उल्लेख करायचा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र बंद पाकिटात, वर "गोपनीय" लिहून जोडायचं आणि पोच घ्यायची. अख्खी केस-फाइल द्यायची गरज नाही. आजार, उपचार कधीपासून, कामावर होणारा परिणाम आणि हवी ती सोय, बस. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार करणाऱ्यांवर तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. त्याच कायद्यात हेही आहे की मानसिक आजार असणं म्हणजे माणूस वेडा किंवा निर्णयाला अपात्र, असा अर्थ त्यावरून काढता येत नाही.

आम्ही सरांचा जो खुलासा तयार केला, त्याचा मुख्य भाग नमुन्यादाखल देते :

"संदर्भीय नोटिशीच्या अनुषंगाने खुलासा सादर करतो की, मी मागील चार वर्षांपासून मानसिक आजारासाठी नियमित उपचार घेत आहे. नमूद दिवशी उशीर झाला ही बाब खरी आहे. सदर उशीर रात्रीच्या औषधांच्या परिणामामुळे झाला असून वैद्यकीय प्रमाणपत्र गोपनीय पाकिटात सोबत जोडले आहे. यापूर्वीच्या खुलाशांत संकोचामुळे खरे कारण नमूद केले नव्हते. तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(२) नुसार मला परिपाठाऐवजी शाळा सुटल्यानंतरची जबाबदारी द्यावी, तपासणीसाठी दरमहा एक दिवस रजा मंजूर करावी आणि सदर बाब विचारात घेतल्याशिवाय पुढील कार्यवाही करू नये, ही विनंती."

बघा, यात आरोप नाकारलेला नाही आणि कुणावर दोषही टाकलेला नाही. "संकोचामुळे" हे वाक्य लिहिताना सर बराच वेळ थांबले होते. मी म्हटलं, हे एकच वाक्य जुन्या पंक्चरच्या खुलाशाचं उत्तर आहे, ते राहू द्या.

सोय मागताना नेमकी मागा. "सहानुभूतीने विचार व्हावा" यावर कोण काय करणार? लिथियम चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, घाटीत ओपीडीला गेलं की इथून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, म्हणून ठरलेली रजा. रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर आलेला आदेश डोक्यात राहत नाही, म्हणून लेखी सूचना. मतदान केंद्रावर रात्री मुक्काम केला की झोप मोडते आणि आजार उसळतो, म्हणून त्या ड्युटीतून सूट. संस्थेवर अवाजवी भार पडेल अशी सोय मात्र कायदा देत नाही.

ऐकलं नाही तर? कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्याला दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केलं, किंवा का केलं नाही, हे संबंधितांना तीन महिन्यांत कळवावं लागतं. चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्यासाठी कलम ९२ आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

पण आजारी माणसाने हे सगळं करायचं कसं?

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नसतो. नैराश्यात आंघोळीला उठवत नाही, तिथे कलम कोण वाचणार? सरांच्या बाबतीत वहिनींनी फाइल हातात घेतली. पाकीट आलं की त्या फोडायच्या, मागे तारीख टाकायच्या, सरांना फक्त एका वाक्यात सांगायच्या. आठवड्याला एकच कागद, त्याहून जास्त नाही. घरात असं कोणी नसेल तर एखादा विश्वासू सहकारी चालेल.

तारखेवर एवढा जोर का? अनुदानित किंवा खाजगी शाळेतून बडतर्फी झाली तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला १९७७ च्या कायद्याप्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३० दिवस असतात. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. न फोडलेल्या पाकिटाचेसुद्धा दिवस मोजले जातात.

आणि राजीनामा लिहू नका! आजार उसळलेला असताना "जाऊ दे, सोडून देतो" असं फार वाटतं. कुणी "तब्येत बरी नाही तर मोकळे व्हा" म्हटलं तर कलम २०(४) आठवा. जगणंच नको वाटत असेल तर कागद बाजूला ठेवा, टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रमाणपत्र काढायचं असेल तर आयडियास नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, नाती, संवाद-आकलन आणि काम या चार गोष्टींत किती अडचण येते ते पाहतात, आजार किती वर्षांचा तेही धरतात. तिथे जाताना लोक चांगले कपडे घालून "सगळं ठीक आहे" म्हणून येतात! वाईट दिवस कसा जातो ते सांगा, सोबत घरचं माणूस न्या.

पालकांसाठी

"आमच्या लेकराला असे शिक्षक?" हा प्रश्न रास्त आहे, रागावण्यासारखा नाही. मुलांना मारलं, त्यांना धोका झाला तर आजार ही ढाल होत नाही. तिथे मुलांची सुरक्षितता आधी. पण उपचार घेणारे, गोळ्या वेळेवर घेणारे शिक्षक आणि आजार लपवून गोळ्या बंद करणारे शिक्षक, यातले कोणते तुम्हाला वर्गात हवेत? आणि उद्या तुमचाच मुलगा वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीत लागेल. खाजगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, हे लक्षात असू द्या.

सरांची चौकशी ताकीद देऊन संपली. परिपाठाऐवजी ते आता संध्याकाळी वाचनवर्ग घेतात. सोय लेखी मिळायला सात महिने लागले, आणि निवडणुकीच्या ड्युटीचा अर्ज मात्र फेटाळला गेला. उरलेली पाकिटं वहिनींनी हळूहळू फोडली. शेवटच्या पाकिटात एक वेतनवाढ रोखल्याचा आदेश होता, तारीख दोन वर्षांपूर्वीची. पगारात फरक का पडला हे सरांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यावरचा अर्ज सध्या आम्ही लिहितो आहोत, आठवड्याला एक परिच्छेद.